कोपरापर्यंत चढलेला सूर्य

"आला! कोपरापर्यंत आला!"

अंधारात कुणीतरी किंचाळलं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. शेजारची बाई रडायला लागली. दुसऱ्या बाजूची माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "बघितलंत ना? आता तरी विश्वास बसला का?"

मी बघत होतेच. टेबलावर एक जांभळा, मरतुकडा दिवा होता. त्याच्या उजेडात माणसाचा चेहरासुद्धा धड ओळखू येत नव्हता. पण त्याखाली धरलेला एक बायकी हात मात्र बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत निळसर पांढरा चमकत होता. कोपराच्या वर एकदम अंधार. तो हात माझ्या मोठ्या जावेचा होता.

जागा म्हणजे एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला. वेळ भर दुपारची. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि आत खिडक्यांना काळे पडदे लावून साठेक बायका सूर्याची वाट बघत होत्या. सगळ्यांचा आजार एकच, स्तनाचा कॅन्सर. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाचे केस नुकते बोटभर उगवलेले. आजारी बायकांना दारातच एका टबातल्या गुलाबपाण्यात हात बुडवावा लागायचा, आणि प्रत्येकीला एक काळी शाल मिळायची. पांढरं काही अंगावर दिसता कामा नये, अशी सक्त ताकीद होती.

टेबलामागे किरणमाई उभ्या होत्या. आवाज लोण्यासारखा. "पाहा बरं! महिन्यापूर्वी ही आमच्याकडे आली तेव्हा हा हात कोळसा होता, कोळसा! पहिल्या आठवड्यात सूर्य बोटांत आला. दुसऱ्यात तळव्यात, तिसऱ्यात मनगटात, आज कोपरात. पुढच्या आठवड्यात खांदा. आणि एकेचाळिसाव्या दिवशी कुठे?"

"छातीत!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

"आणि छातीत सूर्य आला की काळोखाची गाठ कुठे राहणार?"

"कुठेच नाही!"

सूर्य निळा का, हे विचारायचं एकीलाही सुचलं नाही. उकाड्याने माझा जीव चालला होता. मी घाम पुसायला रुमाल काढला, तर तो हातात दिव्यासारखा पेटला. दाराजवळची मदतनीस झडप घालून आली. "रुमाल आत! आत ठेवा! ऊर्जा फुटते!"

मी रुमाल मुकाट्याने खिशात कोंबला. पण माझ्या मांडीवरच्या काळ्या शालीकडे लक्ष गेलं. तिच्यावर धाग्यांचे बारीक पांढरे कण चमचमत होते. हे दृश्य मी रोज बघते, पंधरा वर्षं बघते आहे.

मी कापडगिरणीत तपासणीला आहे. आमच्याकडे प्रत्येक तागा एका अंधाऱ्या खोलीत अशाच जांभळ्या दिव्याखालून जातो. साध्या उजेडात जे कापड एकसारखं पांढरं दिसतं, त्यात दुसऱ्या लॉटचं सूत मिसळलं असेल तर या दिव्याखाली त्याचा पट्टा वेगळा उठून दिसतो. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्यात एक रसायन घालतात, ते या दिव्याखाली निळसर चमकतं. तेच रसायन कपडे धुण्याच्या पावडरीत असतं. म्हणून धुतलेला रुमाल चमकतो. माझ्या रुमालात सूर्य शिरला असेल, तर तो पावडरीच्या पुड्यातूनच.

आता तुम्ही म्हणाल, मग तिथेच उठून का नाही बोललीस? बोलले. खालच्या पायरीवर येताच भाऊजींना म्हणाले, म्हणजे जावेच्या नवऱ्याला. "भाऊजी, हा आमच्या गिरणीतला दिवा आहे."

"असेना का. दिवा फक्त दाखवतो. जे आहे तेच दाखवतो ना? तुझ्या गिरणीत कापडातला दोष दाखवतो, इथे अंगातला सूर्य दाखवतो."

एरवी हा माणूस दहा मिनिटांत एक वाक्य बोलतो. त्या दिवशी एका दमात चार बोलला.

हे सगळं सुरू कसं झालं, तेही सांगायला हवं. माझ्या जाऊबाई शिंप्याच्या दुकानात कापड बेतायच्या. हातात कात्री आणि जिभेला त्याहून धार. गिऱ्हाईकाने कमरेचं माप चोरलं तर तोंडावर सांगायच्या, "बाई, टेप खोटं बोलत नाही." दीड वर्षापूर्वी त्यांना गाठ लागली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, किरणं झाली. त्यातून त्या तरल्या. पण वजन वाढलं, साखर वाढली, हाडं ठणकू लागली आणि जीभ गप्प झाली. डॉक्टरांनी पाच वर्षं रोज घ्यायची एक हार्मोनची गोळी दिली, साखरेची दिली आणि रक्त तपासून म्हणाले, "तुमच्यात ड जीवनसत्त्व फार कमी आहे. नऊ. किमान वीसच्या वर तरी हवं. ऊन कमी पडतंय तुम्हाला." आठवड्याला घ्यायची एक पुडी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आमच्या घराने त्यातलं एकच वाक्य उचललं. ऊन कमी पडतंय. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायची आमची जुनी खोड. भाऊजींनी शिंप्याच्या दुकानात सांगितलं, तिथल्या कुणीतरी किरणमाईंचा पत्ता दिला, आणि किरणमाईंनी तो रिपोर्ट भर सभेत फडकावला. "बघा! खुद्द डॉक्टर लिहून देतात की हिच्यात सूर्य नाही! सूर्य नाही म्हणूनच गाठ! डॉक्टरला रोग कळला, पण उपाय कळला नाही." आणि मग उपाय. एकेचाळीस दिवस अंधाऱ्या खोलीत बसायचं, म्हणजे आतला सूर्य बाहेर गळत नाही. दिवसाला सहा पेले सूर्यरस, म्हणजे मध, साखर आणि कसल्याशा फळांचा पाक. गोळ्या सगळ्या बंद, कारण गोळ्या सूर्याला गिळतात.

ज्या बाईला डॉक्टरांनी उन्हात चालायला सांगितलं होतं, तिला आम्ही मागच्या खोलीत कोंडलं. कोंडलं म्हणजे कडी लावली नव्हती, तिची गरजच पडली नाही. खिडकीवर लावायला जाड काळं कापड मी स्वतः गिरणीतून आणून दिलं. मला सांगितलं होतं की दुपारी त्यांना झोप लागत नाही. मी दोन पाळ्या करत होते, नवरा परगावी नोकरीला, घरात काय चाललंय ते विचारायला मला फुरसत नव्हती. चौथ्या खेपेला मला सोबत नेलं, तेव्हा सगळं कळलं. ते कापड मी आणलं, हे मला अजून बोचतं.

त्या दिवशी हॉलमधून परतल्यावर मी त्या खोलीत गेले. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी सूर्यरसाचा तांब्या, त्याला मुंग्या लागलेल्या.

"ताई, चला बाहेर. गॅलरीत बसू जरा."

"नको गं."

"तो दिवा खोटा आहे, ताई. दारातल्या टबात हात बुडवायला लावतात ना तुम्हाला? पहिल्या आठवड्यात किती बुडवला होता?"

"बोटं." त्या थांबल्या. "मग तळवा. आज कोपरापर्यंत बुडव म्हणाल्या."

"आणि पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. हो ना?"

त्यांनी बोटांपासून कोपरापर्यंत हातावर वीत फिरवली. कात्री चालवणारी बाई ती, माप तिला समजत नाही असं थोडंच होतं! मग हळूच म्हणाल्या, "मला काय कळत नाही असं वाटतं तुला? पण इथे अंधार आहे. मला कुणी बघत नाही. एका बाजूने सपाट झालेली बाई कुणाला दिसत नाही. दुकानात गिऱ्हाइकं आधी छातीकडे बघायची, मग तोंडाकडे. तू जा. दार लोटून घे."

मी दार लोटून घेतलं. दुसरं काय करणार? खोटेपणा सांगायला मी गेले होते, आणि तो त्यांना आधीच ठाऊक होता. ठाऊक असून त्या आत बसल्या होत्या. बाहेर त्यांच्यासाठी आम्ही काही ठेवलंच नव्हतं.

दोन-तीन दिवस गेले. बाई रात्रंदिवस पाणी मागू लागल्या. पाच-पाच मिनिटांनी मोरीकडे जायच्या, भिंत धरून. भाऊजी म्हणाले, "सूर्य तापतोय आत. माईंनी सांगितलंच होतं, तहान लागेल म्हणून." महिनाभरात दोनदा डॉक्टरांची तारीख चुकली होती. मी आवाज चढवला तर ते म्हणाले, "बायको माझी आहे." घर त्यांचं, बायको त्यांची, आणि मी धाकटी. मी गिरणीत ताग्यामागून तागा बघायचे आणि डोक्यात एकच फिरायचं, की ही बाई आपल्या डोळ्यांदेखत विरते आहे आणि आपल्याला हात लावता येत नाही.

शेवटी ज्यांचा मी विचारच केला नव्हता, त्या सासूबाई उठल्या. सासूबाई किरणमाईंच्या पहिल्या नंबरच्या भक्त. पण त्यांना वीस वर्षं मधुमेह आहे. रोज सकाळी बोटाला सुई टोचून आकडा वहीत लिहायचा, यात त्यांनी एक दिवस चुकवलेला नाही. त्यांनी सुनेची तहान पाहिली, मोरीच्या फेऱ्या मोजल्या आणि एका सकाळी आपलं यंत्र घेऊन मागच्या खोलीत गेल्या.

"बोट दे."

"आई, माई म्हणाल्या रक्त काढायचं नाही."

"माईंना साखर नाही, मला आहे. बोट दे म्हणते ना!"

आकडा आला तीनशे अठ्ठ्याण्णव. सासूबाई यंत्राकडे बघत राहिल्या. मग पट्टी बदलून पुन्हा घेतला. चारशे दोन.

"सूर्याचं मला काही कळत नाही," त्या भाऊजींना म्हणाल्या, "पण हा आकडा मला वाचता येतो. एवढ्यात माणूस बेशुद्ध पडतं. मुडद्या, बायकोला पाक पाजतोस?" मग माझ्याकडे वळल्या. "तू त्या दिवशी टबाचं काहीतरी म्हणत होतीस. काय ते सगळं सांग."

बाईंना तेव्हाच दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाईन आणि इन्सुलिन. साखर खाली आली. पण घरी आल्यावर त्या पुन्हा मागच्या खोलीतच जाऊन बसल्या. भाऊजींनी हळूच विचारलं, "दोनच खेपा उरल्या आहेत, पूर्ण करून टाकायच्या का?" एवढं झाल्यावरही! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण हा बुडता त्याच काडीने दुसऱ्यालाही पाण्यात ओढत होता.

"करू की पूर्ण," सासूबाई म्हणाल्या. "सगळेच जाऊ."

पाचव्या खेपेला आम्ही चौघं गेलो. दारात टब होता, गुलाबाचा भपकारा मारत. मदतनीस जाऊबाईंना म्हणाली, "खांद्यापर्यंत." बाईंनी निमूट हात बुडवला. मागून सासूबाई काठी टेकत आल्या. मदतनीस म्हणाली, "आजी, सोबतच्या माणसांनी हात नाही बुडवायचा."

"हात कशाला बुडवू?" असं म्हणून सासूबाईंनी काठीच टबात घातली, भांड्यातलं दूध ढवळावं तशी ढवळली आणि काढून घेतली. "माझ्या काठीचा गुडघा दुखतो."

मदतनीस तोंड वासून बघत राहिली, तोवर आम्ही आत गेलो होतो.

आतला प्रकार तोच. काळ्या शाली, टाळ्या, लोणकढी वाणी. बाईंचा हात खांद्यापर्यंत चमकला. "आला! खांद्यात आला!" किरणमाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात सासूबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी काठी दिव्याखाली आडवी धरली.

खालची वीतभर काठी निळी-पांढरी पेटली. मुठीकडचा भाग काळा.

पुढच्या रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"माई," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या काठीलाही कॅन्सर होता काय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पण किरणमाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "आजी, तुम्ही पुण्यवान! तुमच्या अंगातला सूर्य काठीत उतरला!"

"असं? मग हातात का नाही राहिला?" सासूबाईंनी आपला सुरकुतलेला कोरडा हात दिव्याखाली धरला. हात काळाच होता. "माझा सूर्य हात सोडून थेट काठीच्या टोकाला गेला? मधली काठी ओलांडून?"

"श्रद्धा नसेल तर..."

"काठीची आहे ना श्रद्धा!"

आता हसण्याला धीर आला. मी भिंतीशी गेले आणि चाचपडत बटण शोधून दाबलं. सगळ्या ट्यूबलाइट भकाभक लागल्या. मी टब ओढत मध्ये आणला आणि भराभर सांगून टाकलं. मी कापडगिरणीत तपासणीला आहे, हा दिवा रोज वापरते. यात कपडे धुण्याच्या पावडरीतलं पांढरेपणाचं रसायन आहे, वर गुलाबाचं अत्तर. या दिव्याखाली ते चमकतं. हात जितका बुडेल तितका चमकेल. पहिल्या आठवड्यात बोटं बुडवायला लावतात, म्हणून सूर्य बोटांत. मग तळवा, मग मनगट, मग कोपर. सूर्य चढत नाही, बायांनो, तुम्हाला दर आठवड्याला टबात थोडं जास्त बुडवतात. आणि काळ्या शाली कशासाठी? तुमचे धुतलेले पांढरे कपडे चमकले असते, तर तुमच्या आधी तुमच्या कपड्यांचा कॅन्सर बरा झाला असता. मी खिशातला रुमाल काढून दिव्याखाली धरला. ट्यूबलाइटच्या उजेडातसुद्धा तो जरासा निळा दिसला.

मला वाटलं, आता सगळ्या किरणमाईंवर तुटून पडतील.

"दिवे बंद कर!" कुणीतरी ओरडलं. ती माझी जाऊ होती.

खांद्यापर्यंत हात उघडा करताना त्यांची शाल घसरली होती. त्या दोन्ही हातांनी छाती झाकू पाहत होत्या. आणि मी बघितलं तर हॉलभर तेच. साठ बायका शाली ओढून घेत होत्या, रुमाल सावरत होत्या, एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. त्या अंधारात नुसत्या सूर्यासाठी येत नव्हत्या. मला शरम वाटली. खरं बोलायच्या झपाट्यात मी त्यांच्यावर झगझगीत उजेड सोडला होता आणि त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

सासूबाई काठी टेकत सुनेजवळ गेल्या. मला वाटलं, शाल नीट पांघरतील. त्यांनी शाल उचलली, झटकली आणि घडी करून स्वतःच्या काखेत मारली.

"बघू देत," त्या म्हणाल्या. "चोरी केलीस काय तू? रोग झाला, कापून काढला. जिवंत आहेस. सरळ उभी राहा."

बाई लगेच सरळ उभ्या राहिल्या नाहीत. बराच वेळ लागला. पण राहिल्या. त्यांनी आपल्या ओल्या हाताकडे पाहिलं, मग किरणमाईंकडे, आणि दीड वर्षांत पहिल्यांदा ती जीभ चालली. "माई, माप चुकलं तुमचं. खांद्यापर्यंत बुडवलं, पण काखेत कोरडं राहिलंय."

किरणमाई या गडबडीत मागच्या जिन्याने कधी गेल्या, कळलं नाही. काही बायका मलाच बोलल्या. एक म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं हे करून?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. हार्मोनची गोळी पाच आठवडे बंद होती. त्याने काय बिघडलं, ते आज सांगता येणार नाही, पुढच्या तपासण्यांत बघू, असं ते म्हणाले. ते स्पष्ट बोलले म्हणून मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. मग त्यांनी कागद घेतला आणि या वेळी अर्धा तास बसून समजावलं. या आजारातल्या पुष्कळ बायकांत ड जीवनसत्त्व कमी सापडतं. ते भरून काढायचं, कारण हार्मोनच्या या गोळीने हाडं ठिसूळ होतात आणि त्यांना ते लागतं. त्यासाठी पुडी आहे. नुसत्या उन्हात बसून नऊचे वीस होत नाहीत, आणि पुड्या जास्त खाल्ल्या तर अपाय होतो. वजन, कंबर, साखर, रक्तदाब हेही सांभाळायचं, त्यासाठी चालायचं. "पण नीट ऐका," ते म्हणाले, "ड जीवनसत्त्वाने कॅन्सर बरा होत नाही. ते कमी आहे म्हणून कॅन्सर झाला, असंही मी म्हणालो नव्हतो. मी एक वाक्य बोललो आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. उरलेलं तुमच्यावर सोडलं. ती माझी चूक."

भाऊजी मान खाली घालून बसले होते. आता रोज सकाळी बायकोबरोबर चालायला तेच जातात. बोलत नाहीत, पण जातात.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. आठवड्याभराने गिरणीच्या फाटकाशी एक बाई उभी होती. डोक्याला रुमाल, हातात औषधांची जुनी पिशवी. त्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसून जी रडली होती, तीच. म्हणाली, "मी सगळी औषधं सोडून सात महिने झाले. आता परत गेले तर डॉक्टर रागावतील का?"

मला वाटलं होतं की मी युक्ती उघडी पाडली म्हणजे काम झालं. पण बायका युक्तीत अडकलेल्या नव्हत्याच. त्या या प्रश्नात अडकल्या होत्या. फसलो हे कळल्यावर परत कुठल्या तोंडाने जायचं, यात दिवस जातात, आणि गाठीला तेवढे दिवस पुरतात.

म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे माझ्या काठीवर होतं का, रुमालावर होतं का, उजेडात होतं का? डॉक्टरांचं वाक्य अर्धं कळलं तर खुर्ची सोडू नका, पुढच्याला थांबू द्या, पुन्हा विचारा. आणि फसला असाल तर आजच परत जा.

रागावतील. पाच मिनिटं रागावतील. मग केसपेपर काढतील.

"चला," मी तिला म्हणाले, "मी येते बरोबर."